दोन गाण्यांत दोन गिटारी

एन्सिओला गिटार घ्यायची होती, आणि त्यापायी त्या वसंतात मला वेड लागायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

जुनी गिटार कशी गेली ते आधी सांगते, कारण त्यात माझा काडीचा हात नाही. नाताळात आम्ही तळ्याकाठच्या आमच्या खोपटात होतो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. खोपट तापायला वेळ लागतो, म्हणून या माणसानं गिटार कुठे ठेवावी? तर सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या बाहेर, कपडे बदलायच्या खोलीत. "तिथे जरा ऊब असते," म्हणे. संध्याकाळी आम्ही सौना पेटवली. नाताळची सौना म्हणजे काय घाईघाईत उरकायची गोष्ट आहे? दार उघड-मीट, उघड-मीट, वाफ सगळी बाहेर. आम्ही लालबुंद होऊन बर्फात लोळून आलो आणि ती बिचारी भिंतीला टेकून शिजत होती. सकाळी पेटी उघडली तर डिंक सुटलेला, मान धडापासून निखळलेली. एन्सिओ तिच्याकडे नुसता बघत बसला. मी म्हटलं, "कॉफी घे." दुसरं काय म्हणणार?

एन्सिओ फिरत्या वाचनालयाची बस चालवतो. मी शाळेत स्वयंपाकीण. आठवडाभर तो पुस्तकं वाटतो, मी वाटाण्याचं सूप वाटते, आणि शनिवारी आम्ही दोघं नि ओइवा मिळून बँड होतो. एन्सिओ गिटार, मी बास आणि गाणं, ओइवा ड्रम. ओइवा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि आमच्याकडच्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त बोलतो. मे ते ऑगस्ट आम्ही तळ्याकाठच्या लाकडी नाचमांडवांतून वाजवतो. टँगो, वॉल्ट्झ, आणि अधूनमधून ती बिनशब्दांची, नुसत्या गिटारीची गाणी, ज्यांना आमच्याकडे 'लोखंडी तार' म्हणतात. गाते मी, पण लोक येतात ते त्या तारेसाठी. एन्सिओनं सूर धरला की नाचाच्या फळीवरची माणसं डोळे मिटतात.

आणि बोलणं म्हणाल तर शून्य. दिवसाकाठी तो जेवढं बोलतो त्याहून आमचा फ्रीज जास्त बोलतो. लग्नाचंसुद्धा त्यानं मला तोंडानं विचारलं नव्हतं. कोर्तेसाल्मीच्या मांडवात माझ्याकडे बघत एकच धून परत परत वाजवत राहिला, शेवटी ओइवाच ओरडला, "अगं बाई, हो म्हणून टाक, माझे हात दुखायला लागले!"

तर गिटार. त्याला सगळ्यांकडे असते तसली नको होती. ती दोन मोठी अमेरिकन नावं काढली की तो नाक मुरडायचा. "ती तर आपल्या पाद्र्याकडेही आहे," म्हणायचा. त्याला हवी होती आजची पण जुन्या घडणीची, कुणी नाव न ऐकलेल्या कारागिरानं केलेली. बारीक मान, हलकं अंग, आणि सूर कसा, तर थंडीत तळ्यावरचा बर्फ तडकतो तसा चमकता. जानेवारीपासून आमचे शनिवार-रविवार रस्त्यावर गेले. कुओपिओ झालं, युवास्कुला झालं, जहाजानं स्वीडनला जाऊन आलो. प्रत्येक दुकानात तेच. हा मान वाकडी करून वाजवणार, आवाजाचं बटण पिळणार, पुन्हा वाजवणार, आणि मग म्हणणार, "चमक नाही."

"कसली चमक?" मी विचारायचे.

"असते ती."

"अरे पण मला तर छान वाटली!"

"तुला सगळ्याच छान वाटतात, तुइरे."

हे खरंच होतं. मला सगळ्या सारख्या वाटत होत्या, आणि मी ते चारचौघांत सांगतही होते. मी कोट न काढता खिडकीपाशी बसायचे, म्हणजे त्याला कळावं की बाईला निघायचंय. त्याला कळायचं नाही. दोष कधी तारांचा, कधी लाकडाचा, कधी केबलचा, एकदा तर दुकानातल्या गालिच्याचा. "गालिचा सगळा वरचा सूर पिऊन टाकतो," म्हणे. घरी आला की येरझाऱ्या. स्वयंपाकघरातून ओसरी, ओसरीतून स्वयंपाकघर. मे जवळ येत चालला आणि घरात गिटार नाही. मी पाय आपटले, ओरडले, एकदा सुपाचं पातेलं... नाही, ती गोष्ट राहू दे. पण खरंच, माणूस असा चुळबुळता राहिला की त्याच्यासोबतच्यालाही खाज सुटते.

शेवटी तांपेरेत यार्मोच्या दुकानात गोष्ट तीन गिटारींवर आली. यार्मो तसा भला माणूस, फक्त आमची गाडी दिसली की त्याचे खांदे पडायचे. एक होती ब्योर्क, उत्तर स्वीडनमधल्या दोन भावांनी केलेली, निळी, पिसासारखी हलकी. दुसरी मारेल्ला, इटलीकडची. जुन्या अकॉर्डियनला असतो तसला, बाथरूमच्या फरशीसारखा चकचकीत मुलामा, त्यावर बटणांची रांग. ओइवा फोटो बघून म्हणाला, "ही वाजवायची की हिच्यावर उभं राहून अंघोळ करायची?" तिसरी क्रानिख, जर्मन धाटणीची, तपकिरी, पोटातून पोकळ, वर दोन भोकं. तिला एन्सिओनं दोन सुरांत निकालात काढलं. "ही घोंगडी पांघरून बोलते."

राहिल्या दोन. त्यांच्यात तो असा अडकला की यार्मोच कंटाळला. "दोन्ही घेऊन जा बाबा. मांडवात वाजवून बघ. एक ठेव, एक परत आण. दोन्ही परत आणल्यास तर मी दुकानाला कुलूप लावून मासे धरायला जाईन."

मोसमाचा पहिला शनिवार आला. गाडीतून उतरता उतरता एन्सिओनं आपली युक्ती सांगितली. एवढं लांबलचक तो त्या वर्षात पहिल्यांदाच बोलला.

"पहिलं गाणं निळीवर, दुसरं चकचकीतवालीवर. जोडी तीच, ताल तोच, फळी तीच. कुठल्या गाण्याला लोक जास्त जवळ येतात, एवढं तू बघ."

आमच्याकडे मांडवात गाणी नेहमी जोडीनं वाजतात. टँगो तर लागोपाठ दोन टँगो, वॉल्ट्झ तर दोन वॉल्ट्झ. पुरुष बाईला घेऊन जातो, दोन्ही गाणी नाचतो, आणि मग तिला तिच्या जागी सोडून आभार मानतो. एका गाण्यानंतर कुणी कुणाला सोडलं तर त्याची चर्चा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालेल. म्हणजे युक्ती तशी वाईट नव्हती.

"आणि मी काय बघू?" ओइवानं विचारलं.

"तू ताल बघ. तेवढंच पुष्कळ आहे."

मांडव गच्च भरला होता. सॉसेज भाजल्याचा वास, नवं रंगवलेलं कठड्याचं लाकूड, तळ्यावरून येणारा गार वारा. पहिला टँगो निळीवर झाला. छान झाला. मग एन्सिओनं ती उतरवली, केबल काढली, चकचकीतवाली गळ्यात अडकवली, पट्टा अडकला, केबल सापडेना, सूर लावला, परत लावला. आणि खाली फळीवर जोड्या उभ्या. एरवी दोन गाण्यांमध्ये माणसं श्वास घेतात, छताकडे बघतात, तेवढ्यात दुसरं गाणं लागतं आणि सुटका होते. इथे सुटका होईना. हात हातात, आणि बोलायला काही नाही. एक जण म्हणाला, "हवा बरी आहे." बाई म्हणाली, "हो." मग दोघंही आपापल्या बुटांकडे बघू लागली. चार वेळा असं झाल्यावर लोकांना एकमेकांच्या कामाधंद्याची विचारपूस करायची पाळी आली. ओइवा मागून कुजबुजला, "लवकर आटप, नाहीतर आज इथे लग्नं ठरतील."

मी मात्र दुसरंच बघत होते. लोक जवळ येत होते की नाही कोण जाणे, पण आमच्यापासून ते लांब जात होते. पहिल्या टँगोला स्टेजपुढची फळी भरलेली होती. गाण्यांच्या चौथ्या जोडीपर्यंत पुढे नुसतं लाकूड. सगळे मागच्या भिंतीशी एकमेकांच्या पायांवर पाय देत नाचत होते, आणि पुढे एक म्हातारा एकटा, ज्याच्या कानातलं यंत्र घरी राहिलं असणार.

कॉफीच्या सुट्टीत आउने आली. ती तीन जिल्ह्यांतला एकही नाच चुकवत नाही आणि कुणाची भीडभाड ठेवत नाही.

"काय गं तुइरे, काय आरंभलंय तुम्ही लोकांनी? माझे दात शिवशिवले!"

"कुठल्या गिटारीनं?"

"दोन्हींनी! निळी सुईसारखी टोचते, आणि ती बाथरूमवाली दाभणासारखी. एन्सिओला झालंय काय? त्याच्या सुरावर मी नवऱ्याला विसरायचे गं."

मी स्टेजवर गेले. एन्सिओ बाहेर कॉफी पीत होता. त्याच्या आवाजाच्या पेटीवर बघितलं तर वरच्या सुराचं बटण पार टोकाला. गिटारींवरचीही टोकाला. मी गुपचूप सगळी अर्ध्यावर आणली.

सुट्टीनंतर त्यानं 'लोखंडी तारे'तली पहिली धून धरली. अगं बाई गं! अंगावर काटा आला. तोच होता, माझा एन्सिओ, तळ्यावरच्या उजेडासारखा. लोक हळूहळू पुढे यायला लागले. आउनेनं तर डोळे मिटले. आणि एन्सिओनं मधेच हात थांबवला. गाण्याच्या मधोमध! आमच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं.

"पेटी बिघडली," तो म्हणाला. "काही येतच नाहीये."

त्यानं वाकून बटण पुन्हा टोकाला नेलं, एक सूर छेडला आणि तेव्हा कुठे त्याचा चेहरा जरा सैल झाला. पुढची माणसं परत मागे सरकली. मी बास धरून तशीच उभी राहिले. ओव्हनची घंटा वाजत असते आणि हा तिच्याशेजारी बसून पेपर वाचत असतो, याबद्दल मी हिवाळाभर त्याला शिव्या घातल्या होत्या. मला वाटलं होतं, माणूस आळशी आहे. गिटारींत काही कमी नव्हतं. एकाही गिटारीत नव्हतं.

हे सांगायचं कसं? घरी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. सौनात आमच्याकडे कुणी भांडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तिथे सांगितलं. दोघं फळकुटावर उघडेनागडे, घामाघूम.

"एन्सिओ, दोन्ही गिटारी चांगल्या आहेत. तुझे कान गेलेत."

त्यानं कपाळावरचा घाम निपटला.

"वरचे सूर तुला ऐकू येत नाहीत रे. म्हणून तू पिळत राहतोस, पिळत राहतोस. लोकांना टोचतं."

"मला सगळं ऐकू येतं."

मी पळी भरून तापल्या दगडांवर पाणी टाकलं. "हे ऐकू आलं?"

"दगड तडकला."

"आणि?"

"आणि काय? आणखी काय असतं?"

वाफ अजून फुसफुसत होती. चांगली लांब, बारीक, दगडांतून वर चढणारी. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. घामात ते दिसत नाही म्हणतात, पण त्याला दिसलं. त्यानं माझ्या हातातून पळी घेतली, स्वतः पाणी टाकलं, दगडांवर वाकला. परत टाकलं. परत टाकलं. शेवटी आत श्वास घेववेना, तरी तो टाकतच होता. मीच त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितलं. वरचा भाग गेला, परत यायचा नाही. डाव्या कानाचा जास्त. डाव्या बाजूला सगळी वर्षं ओइवाची झांज असायची. ओइवाला हे कळलं तेव्हा तो आपली झांज काढून गाडीत ठेवून आला. यंत्रं मिळाली. बोलणं त्यांनी नीट ऐकू येतं, पण गिटारीचा सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, असं एन्सिओ म्हणाला आणि त्यानं ती ड्रॉवरमध्ये टाकली.

"दोन्ही गिटारी यार्मोला देऊन टाक," तो म्हणाला. "ओइवाच्या पुतण्याला विचारा. तो वाजवतो बरा."

"आणि तू?"

"मला बस आहे."

बस आहे म्हणे! मी काय बसशी लग्न केलंय? पण हे मी फक्त भांड्यांना ऐकवलं. घर असं शांत झालं की फ्रीजचासुद्धा राग यायला लागला. येरझाऱ्या थांबल्या. मी देवाकडे मागितलं होतं की या थांबाव्यात, आणि थांबल्यावर मलाच एका जागी बसवेना. रात्रंदिवस हेच डोक्यात: हा माणूस माझ्याशी जे काही बोललाय ते सगळं तारांवरून. तारा गेल्या तर आता उरलेलं आयुष्य आम्ही काय हवेवर बोलायचं? बरी आहे. हो. बरी आहे. हो.

मग एका गुरुवारी शाळेसमोर त्याची बस लागली. पोरं पुस्तकं बदलायला पळाली. एन्सिओ बस तशीच सोडून माझ्या स्वयंपाकघरात आला. मी वाटाण्याच्या सुपात मोहरी घालत होते.

"तुला ऐकू येतं ना?" त्यानं विचारलं.

"काय?"

"वरचं. चमक. तुला येते ना ऐकू?"

"येते."

"मग तू निवड." आणि माझं काही ऐकून न घेता तो परत गेला, पोरांच्या पुस्तकांवर शिक्के मारायला.

शनिवारी आम्ही तांपेरेला गेलो. मला वाटलं होतं, काय मोठंसं, पाच मिनिटांचं काम. आजवर सगळ्या सारख्याच वाटत होत्या, एक उचलायची नि निघायचं. मी कोट न काढता बसले. एन्सिओनं बटणं माझ्या सांगण्यावरून लावली आणि निळी वाजवली. चांगली वाजली. चकचकीतवाली वाजवली. तीही चांगली. पण आता 'चांगली' म्हणून भागेना. यातला नेमका कुठला सूर त्याचा? हा माणूस उरलेला जन्म जे वाजवणार ते त्याला स्वतःला ऐकू येणार नाही, आणि ते कसं ऐकू जावं हे मी ठरवायचं?

"निळी परत वाजव," मी म्हटलं. वाजवली. "नाही, ती दुसरी." वाजवली. "चढताना छान आहे, पण वर जाऊन कोरडी पडते."

यार्मोनं कपाळाला हात लावला. "देवा, आता हीसुद्धा!"

मी कोट काढला. गालिचा गुंडाळून बाजूला करायला लावला. तारा बदलायला लावल्या. यार्मोनं कॉफी केली, ती गार झाली. मग मी त्या तपकिरी क्रानिखकडे बोट दाखवलं.

"ती घोंगडीवाली?" एन्सिओ म्हणाला.

"तुला घोंगडी ऐकू येते. वाजव."

त्यानं वाजवली. माझ्यापर्यंत पहिले तीन-चारच सूर आले असतील आणि मी ओळखलं. हा तोच होता. कोर्तेसाल्मीच्या मांडवात ज्याला मी हो म्हटलं होतं तो. वर चढताना चमकणारा आणि उतरताना जरा हळवा होणारा. एवढी वर्षं हा माणूस दर शनिवारी असं वाजवत होता आणि मी शेजारी उभी राहून पुढच्या गाण्याचे शब्द आठवत होते.

मला काही सांगायचं भानच राहिलं नाही. तो वाजवतच राहिला. मी वर बघितलं तेव्हा कळलं. त्याची मान वाकडी नव्हती, कान गिटारीकडे नव्हता. तो माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, आणि तिथे जे दिसत होतं त्यावरून पुढचा सूर लावत होता.

"हीच," यार्मो हळूच म्हणाला, आणि त्यानं पेटी आणायला आत धाव घेतली, आमचं मन बदलायच्या आत.

आता आम्ही मांडवात वाजवतो तेव्हा ओइवाची झांज लांबच्या टोकाला असते आणि एन्सिओ लोकांकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभा राहतो. लोक कुरकुरतात, आउने तर म्हणते की पैसे त्याची पाठ बघायला दिलेत का. पण फळी पुढपर्यंत भरलेली असते. माझी मात्र पंचाईत झाली आहे. कंबर दुखते, डास चावतात, कधी ओइवा ताल चुकतो, पण तोंड वाकडं करायची सोय नाही. जरा कपाळाला आठी पडली की त्याचा हात लगेच बटणाकडे जातो.